बगलेवरचा शिलेदार

फुटबॉलच्या मैदानावर अकरा असाम्यांना अकरा जागा नेमून दिलेल्या असतात. परंतु त्यांतील दोन जागा अशा आहेत की, तेथे उभा राहणारा खेळाडू अर्धा खेळात आणि अर्धा प्रेक्षकांत असल्यासारखा भासतो. उजव्या आणि डाव्या हद्दीवर, फक्कीच्या रेघेला बूट टेकवून तो चेंडूची वाट पाहत उभा असतो. पुष्कळदा पाच-पाच, सात-सात मिनिटे त्याच्याकडे कोणी फिरकतही नाही, आणि मग एकाएकी लांबून आलेला चेंडू त्याच्या पायाशी पडतो व हजारो माणसे एकदम उभी राहतात. कूपरेजवर रोव्हर्स चषकाचे सामने पाहणारी मुंबईकरांची जुनी पिढी या दोघांना राइट-आउट आणि लेफ्ट-आउट म्हणत असे. आज विंगर हेच नाव सर्वतोमुखी आहे. त्याचे कर्तव्य सांगायला सोपे आहे: समोर आडव्या आलेल्या बचावपटूला हूल द्यावी, खांदा एका बाजूस झुकवून शरीर दुसऱ्या बाजूने काढावे, रेघेच्या कडेकडेने प्रतिपक्षाच्या गोलरेषेपर्यंत पोचावे, आणि तेथून चेंडू असा मागे वळवून द्यावा की धावत येणाऱ्या सहकाऱ्याने त्याला केवळ डोके लावावे. सांगायला एवढे सोपे असलेले हे काम शंभर वर्षांत मनासारखे साधलेली माणसे मात्र फार थोडी निघाली.

या माणसांच्या पदलालित्याची वर्णने विपुल झाली आहेत. त्यांची भाकरी कोणाच्या हुकमतीखाली शिजत होती, त्यांच्या नावाचा कागद कोणाच्या दप्तरात होता, आणि एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जाताना त्यांच्या मर्जीला काय किंमत होती, याचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला. विंगरच्या पेशाचा इतिहास मला या बाजूने महत्त्वाचा वाटतो, आणि तो बहुतांशी इंग्लंडचा इतिहास आहे. कारण फुटबॉल खेळून पोट भरण्याचा धंदा प्रथम तेथेच कायदेशीर झाला आणि त्या धंद्याच्या बेड्याही प्रथम तेथेच घडल्या.

१८८५ साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने खेळाडूला वेतन देण्याची प्रथा मान्य केली; १८८८ साली बारा क्लबांची साखळी स्पर्धा उभी राहिली; आणि १८९३ च्या सुमारास त्या साखळीने असा नियम केला की, ज्या क्लबाच्या नावे खेळाडूची नोंदणी झाली असेल, त्या क्लबाच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे खेळता येऊ नये. मराठ्यांच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार असत, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको: शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई आणि बारगिरास घोडा सरकारातून मिळे. शिलेदाराला आपला घोडा घेऊन दुसऱ्या सरदाराकडे जाण्याची मोकळीक होती. बारगीर खाली उतरला की पायदळी. व्यावसायिक फुटबॉलपटू स्वतःचे पाय, स्वतःचा दम आणि लहानपणी गल्लीबोळांत कमावलेली विद्या घेऊन, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊनच, चाकरीस रुजू होत असे. परंतु दप्तरात त्याची नोंद मात्र बारगीर म्हणून होई. कराराची मुदत संपली तरी क्लबाने ठरवले तर त्याचे नाव राखून ठेवता येई; त्याने नव्या करारावर सही केली नाही तर त्याचे वेतन बंद होई, आणि साखळीतल्या इतर कोणत्याही क्लबाचे दार त्याला उघडत नसे. १९०१ पासून यावर आणखी एक फर्मान चढले: कोणत्याही खेळाडूला आठवड्यास चार पौंडांहून अधिक देऊ नये, मग तो संघातला सर्वांत सामान्य असो की सर्वांत असामान्य.

या दुहेरी बंधनाला उघड हरकत घेणारा पहिला मोठा खेळाडू एक विंगरच होता, आणि तो कोळशाच्या खाणीतून वर आला होता. बिली मेरेडिथचा जन्म १८७४ साली उत्तर वेल्समधील चर्क या गावाजवळ झाला. बाराव्या वर्षी तो खाणीत उतरला. तेथे वाघिणी ओढणाऱ्या तट्टांना हाकण्याचे काम त्याच्याकडे होते. १८९४ साली मँचेस्टर सिटीने त्याला उजव्या बगलेवर खेळण्यासाठी घेतले, तरी पहिला काही काळ त्याने खाणीतली नोकरी सोडली नाही. सामना चालू असताना दातांत काडी चघळण्याची त्याची लकब इतकी प्रसिद्ध झाली की, व्यंगचित्रकारांना त्याचे चित्र काढताना दुसरे काही काढण्याची गरज उरली नाही. २३ एप्रिल १९०४ रोजी क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर बोल्टनविरुद्ध त्याच्याच एकमेव गोलाने सिटीने असोसिएशनचा चषक प्रथमच जिंकला, आणि तो त्या संघाचा नायकही होता.

पुढच्याच वर्षी त्याच्यावर किटाळ आले. ॲस्टन व्हिलाच्या कर्णधाराला सामना सोडण्यासाठी दहा पौंड देऊ केल्याच्या आरोपावरून त्याला बंदी झाली. त्या काळात क्लबाने त्याचा मुशाहिरा थांबवला, तेव्हा त्याने चार पौंडांचा नियम धाब्यावर बसवून क्लब आपल्या खेळाडूंना आतून किती पैसे चारीत होता, याची कैफियत असोसिएशनपुढे मांडली. चौकशीअंती १९०६ साली सिटीच्या १७ आजी-माजी खेळाडूंना दंड व बंदी झाली, आणि त्यांनी पुन्हा सिटीसाठी खेळू नये असा निर्णय झाला. मग मँचेस्टरच्या क्वीन्स हॉटेलात निरनिराळ्या क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्या खेळाडूंची विक्री झाली. घोडेबाजारात उभी केलेली जनावरे निदान समोर तरी असतात. येथे ज्यांच्या पायांचा भाव चालला होता त्यांच्या सहीला गिऱ्हाइकाच्या सहीनंतरच अर्थ येणार होता. मेरेडिथचे आधीच शेजारच्या मँचेस्टर युनायटेडशी ठरले होते. बंदी उठताच १ जानेवारी १९०७ रोजी तो युनायटेडच्या पोशाखात उतरला आणि त्याच्याच पासवर सँडी टर्नबुलने गोल केला. प्रतिपक्ष होता ॲस्टन व्हिला.

त्याच वर्षी २ डिसेंबरला मँचेस्टरच्याच इंपीरियल हॉटेलात खेळाडूंची एक सभा भरली. अध्यक्षस्थानी मेरेडिथ होता. तेथे खेळाडूंची जी संघटना स्थापन झाली तिची मागणी साधी होती: वेतनाची मर्यादा उठवा आणि मुदत संपल्यावर माणसाला मोकळे करा. असोसिएशनने संघटनेची मान्यता काढून घेतली, सभासदांना बरतर्फ करण्याची धमकी दिली. १९०९ च्या उन्हाळ्यात युनायटेडचे खेळाडू शेवटपर्यंत अडून राहिले, आणि त्यांनी स्वतःला ‘बहिष्कृत’ म्हणवून घेऊन तसा फलक पुढे ठेवून छायाचित्र काढून घेतले. तडजोडीत संघटना जगली, पण दोन्ही मागण्या पडल्या. मेरेडिथ १९२१ साली सिटीकडे परत आला, आणि १९२४ च्या मार्चमध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, चषकाच्या उपांत्य सामन्यात न्यूकॅसलविरुद्ध शेवटचा खेळला. तीस वर्षांची ही कारकीर्द एकाच शहरातल्या दोन क्लबांत संपली. ज्याने खेळाडूच्या स्वातंत्र्यासाठी सर्वांत मोठा आवाज उठवला, त्याला स्वतःला ते स्वातंत्र्य एक दिवसही उपभोगता आले नाही.

आपल्याकडचा एक विंगर या इतिहासात क्षणभर चमकून जातो, त्याचाही उल्लेख येथे केला पाहिजे. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ पासून सलग पाच वर्षे तेथील साखळी जिंकली. त्या संघाच्या उजव्या बगलेवर मोहम्मद सलीम खेळत असे. १९३६ साली तो ग्लासगोला गेला आणि सेल्टिक क्लबाच्या पोशाखात दोन सामने खेळला. बूट न घालता, पायांना पट्ट्या बांधून तो उतरला, आणि स्कॉटिश वृत्तपत्रांनी त्याच्या पायांची मनापासून स्तुती केली. परंतु घराची ओढ त्याला स्वस्थ बसू देईना. तो परत आला. त्याला अडवणारा कोणताही कागद नव्हता. हौशी खेळाडूच्या त्या मोकळेपणाचा व्यावसायिकांना हेवा वाटावा, अशीच त्या काळची स्थिती होती.

ही स्थिती किती कठोर होती, हे टॉम फिनीच्या हकिकतीवरून जसे कळते तसे दुसऱ्या कशावरूनही कळत नाही. प्रेस्टनचा हा विंगर उजवीकडे आणि डावीकडे सारख्याच सफाईने खेळत असे, आणि खेळाच्या उत्पन्नावर घर चालत नाही म्हणून गावात नळांची कामे करीत असे. १९५२ साली इंग्लंडचा संघ इटलीत असताना पालेर्मो क्लबाच्या अध्यक्षाने त्याला सहीबद्दल १०,००० पौंड, दरमहा १३० पौंड, राहायला बंगला आणि मोटारगाडी देऊ केली. प्रेस्टनमध्ये तेव्हा त्याला आठवड्याला चौदा पौंडांच्या आसपास मिळत होते. फिनी घरी परतला आणि त्याने क्लबाच्या अध्यक्षापुढे ही गोष्ट काढली. उत्तर एका वाक्यात मिळाले: खेळायचे तर प्रेस्टनसाठी, नाही तर कोणासाठीच नाही. फिनीने वाद घातला नाही. तो १९६० पर्यंत प्रेस्टनसाठीच खेळला, त्याच्या निष्ठेचे गोडवे गायले गेले, आणि ते गाणाऱ्यांपैकी कोणालाही असे वाटले नाही की, ज्याला निवड करण्याची मुभाच नव्हती त्याच्या निष्ठेची परीक्षा झाली असे म्हणता येत नाही. फिनीच्या थोरवीला याने उणेपणा येत नाही. तो पुढे जन्मभर त्या गावात आनंदाने राहिला. माझा आक्षेप आहे तो आपल्या मोजमापाला. एका क्लबात आयुष्य काढणारा सज्जन आणि दहा क्लब फिरणारा चंचल, ही जी समजूत आजही क्रीडाप्रेमींच्या बोलण्यात सहज येते, ती त्या जुन्या दप्तराची आहे.

बेड्या तुटल्या त्या पुढच्या दशकात, आणि त्याही एकदम नव्हे. १९६१ च्या जानेवारीत, खेळाडूंनी संपाची तयारी केल्यानंतर, वीस पौंडांपर्यंत सरकलेली वेतनाची मर्यादा रद्द झाली. १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यूकॅसल क्लबाविरुद्ध लावलेल्या दाव्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निवाडा दिला की, मुदत संपल्यावरही खेळाडूला राखून ठेवण्याचा शिरस्ता म्हणजे माणसाच्या व्यवसायावरचा गैरवाजवी निर्बंध होय. पण मुदत संपलेल्या खेळाडूला खरोखरच दुसरीकडे जाऊ देणारी व्यवस्था यायला १९७८ उजाडले, आणि तेव्हाही नव्या क्लबाने जुन्या क्लबाला रक्कम मोजावी, रकमेचा वाद पडल्यास लवादाने फडशा करावा, अशी तरतूद राहिलीच.

दरम्यान, विंगरची जागाच मैदानातून नाहीशी होऊ लागली होती. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंडचे मार्गदर्शक आल्फ रॅम्सी यांनी पहिल्या तीन सामन्यांत कॉनेली, पेन आणि कॅलहन या तीन विंगरांना एकेक सामना देऊन पाहिले. नंतर त्या जागाच रिकाम्या ठेवून, मधल्या फळीत कष्टाळू माणसे भरून, त्यांनी अंतिम सामना जिंकला. जिंकणाऱ्याची पद्धत शास्त्र ठरते. पुढची दहा वर्षे इंग्लंडच्या क्लबांत बगलेवरचा स्वतंत्र कलावंत ही चैनीची वस्तू मानली गेली; त्याने मागे धावावे, बचावाला मदत करावी, चेंडू लगेच द्यावा आणि अंगात काही वेगळे असल्यास ते सुटीच्या दिवशी दाखवावे, असा साधारण दंडक होता.

अशा काळात उत्तर लंडनमध्ये लॉरी कनिंगहॅम वाढला. त्याचा जन्म ८ मार्च १९५६ चा. आईबाप जमैकाहून आलेले, वडील तिकडे शर्यतीच्या घोड्यांवर स्वार होत. आर्सेनलने कुमारवयात त्याला काही काळ ठेवून घेतले व मोकळे केले. त्याचा खेळ त्यांच्या शिस्तीच्या साच्यात बसेना. १९७४ साली दुसऱ्या श्रेणीतल्या ओरिएंट या गरीब क्लबाने त्याला घेतले. नृत्याचे त्याला विलक्षण वेड होते. सरावाला उशिरा आल्याबद्दल झालेले दंड तो रात्री नृत्याच्या स्पर्धांत मिळवलेल्या बक्षिसांतून भरीत असे, असे सांगतात. आणि त्याची चाल पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट खरी मानायला अडचण पडत नाही. तो धावताना टाच जमिनीला लागते की नाही, असा संभ्रम पडावा इतके ते धावणे हलके होते. बहुतेक विंगर कोपऱ्यावरून कॉर्नर किक मारावयाची तर पायाच्या आतल्या बाजूने चेंडू वळवतात. कनिंगहॅम उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेने तो मारी, आणि चेंडू प्रथम मैदानाबाहेर निघाल्यासारखा दिसून मग गोलच्या तोंडाशी वाकत येई.

१९७७ च्या मार्चमध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनने त्याच्यासाठी १,१०,००० पौंड मोजले. त्याच वर्षीच्या २७ एप्रिलला स्कॉटलंडविरुद्ध तो इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघातून खेळला आणि त्याने गोलही केला. त्या संघातला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. अल्बियनमध्ये सिरिल रेजिस आणि ब्रेंडन बॅटसन हे आणखी दोघे कृष्णवर्णीय त्याच्या जोडीला आले. इंग्लंडमधल्या मैदानांवर त्या काळी त्यांचे जे स्वागत होई ते लिहितानाही हात आखडतो: माकडांचे आवाज, अंगावर केळी, वंशद्वेष्ट्या संघटनांची पत्रके. यात एक गोष्ट क्वचितच ध्यानात घेतली जाते. मध्यभागी खेळणाऱ्याला गर्दीचा गोंगाट ऐकू येतो, शब्द वेगळे ऐकू येत नाहीत. विंगर रेघेवर उभा असतो, आणि कठड्यापलीकडच्या माणसाचे तोंड, त्याचा शब्द आणि त्याची थुंकी हे सर्व त्याच्यापासून दोन हातांवर असते. ज्या जागेने त्याची कला प्रेक्षकांच्या इतकी निकट आणली, त्याच जागेने त्याला सर्वांत जवळून अपमानही सोसायला लावला. ३० डिसेंबर १९७८ रोजी अल्बियनने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर ५-३ असे हरवले. त्या दिवशी यजमानांच्या गर्दीतून कनिंगहॅमच्या नावाने शिव्या चालल्या असताना तो तीन-तीन बचावपटूंमधून चेंडू घेऊन गेला, आणि त्या सामन्याची चित्रफीत आजही मन थक्क करते.

त्याच मोसमात युएफा चषकासाठी अल्बियन व्हॅलेन्सियाला गेला होता. सामना १-१ असा सुटला, परंतु कनिंगहॅमचा खेळ स्पेनमध्ये वणव्यासारखा गाजला. स्पेनने परदेशी खेळाडूंवरची बंदी १९७३ साली उठवली होती आणि प्रत्येक क्लबाला दोन परदेशी खेळवण्याची परवानगी होती. १९७९ च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदने साडेनऊ लाख पौंडांच्या आसपास रक्कम देऊन त्याला घेतले. त्या क्लबाने विकत घेतलेला तो पहिला इंग्रज. फिनीला पालेर्मोला जाऊ न दिल्याला सत्तावीस वर्षे झाली होती. एका विंगरच्या नशिबी जे नव्हते ते दुसऱ्याला मिळाले, आणि पहिल्याच सामन्यात व्हॅलेन्सियाविरुद्ध दोन गोल करून त्याने त्याचे चीज केले.

१० फेब्रुवारी १९८० ची संध्याकाळ या कारकीर्दीचे शिखर होय. बार्सिलोनाच्या मैदानावर माद्रिदचा संघ म्हणजे काय, हे स्पेनचा इतिहास थोडा जाणणाऱ्यालाही समजेल. यादवीच्या आणि हुकूमशाहीच्या सर्व जखमा त्या सामन्यात उघड्या पडत असत. बार्सिलोनाचा बचावपटू झुविरिया याच्यावर कनिंगहॅमला रोखण्याची जबाबदारी होती. तो त्याला सामोरा आला की कनिंगहॅम चेंडू थांबवी, क्षणभर दोघेही निश्चल उभे राहत, आणि मग एका खांद्याची हूल. झुविरियाचे वजन चुकीच्या पायावर पडे आणि चेंडू दुसऱ्या बाजूने निघून गेलेला असे. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. तरीही दर खेपेस बचावपटू फसला. माद्रिदने २-० असा विजय मिळवला, आणि बार्सिलोनाच्या प्रेक्षकांनी प्रतिपक्षाच्या या काळ्या इंग्रज विंगरसाठी टाळ्या वाजवल्या. ज्याने आपल्या मायदेशी कठड्यावरून शिव्या ऐकल्या, त्याला सर्वांत वैरी मैदानावरून ही दाद मिळाली. त्या वर्षी माद्रिदने साखळी आणि राजचषक दोन्ही मिळवले. चषकाच्या अंतिम सामन्यात प्रतिपक्षी होता माद्रिदचाच दुय्यम संघ कास्तिया, आणि असा योग त्या स्पर्धेत अपूर्वच म्हटला पाहिजे.

पुढे जे घडले त्यात विंगरच्या पेशाचे मर्म आहे. १९८० च्या हिवाळ्यात रेआल बेटिसविरुद्ध एका बचावपटूचा बूट त्याच्या पायावर पडला आणि अंगठ्याचे हाड मोडले. मध्यफळीतला मनुष्य पाऊल थोडे जड झाले तरी अनुभवाच्या जोरावर निभावून नेतो; विंगरचे सर्व भांडवल त्या पहिल्या तीन पावलांत असते. शस्त्रक्रिया झाल्यावर तो रात्री नृत्यगृहात दिसला म्हणून क्लबाने त्याला जबर दंड केला आणि वृत्तपत्रे उलटली. १९८१ च्या २७ मे रोजी पॅरिसमध्ये युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यासाठी, महिनोन्‌महिने खेळलेला नसताना, त्याला उतरवण्यात आले. लिव्हरपूलने १-० ने बाजी मारली, आणि कनिंगहॅम तो कनिंगहॅम नव्हता. दुखापतींची साखळी पुढे चालूच राहिली. १९८२ साली माद्रिदने नेदरलंड्सच्या मेटगॉडला घेतले. जर्मनीचा श्टिलिके आधीपासून होताच. परदेशी खेळाडूंच्या दोन्ही जागा भरल्या. कनिंगहॅमच्या नावाचा कागद मात्र माद्रिदच्याच दप्तरात राहिला, आणि तेव्हापासून त्याची उसनवारी सुरू झाली: १९८३ च्या वसंतात मँचेस्टर युनायटेड, त्यानंतर स्पोर्टिंग खिखोन. करार संपल्यावर मार्सेय, मग लेस्टर, मग माद्रिदच्याच कामगार वस्तीतला रायो वायेकानो, थोडा काळ बेल्जियमचा शार्लरुआ. सहा-सात वर्षांत चार देश. दर ठिकाणी नवा मार्गदर्शक, नवी भाषा, नवे भाड्याचे घर, आणि दर ठिकाणी त्याच्या खरेदीपूर्वी पाहिली गेलेली बार्सिलोनाच्या मैदानावरची तीच जुनी चित्रफीत.

या काळाला त्याच्या अधःपाताचा काळ म्हणण्याची चाल आहे. मला ती मान्य नाही. माणूस तिसाव्या वर्षी आपला हलकेपणा गमावून बसला, तरी त्याने पेशा सोडला नाही. चेंडू थांबवून समोरच्याला वाट पाहायला लावण्याची विद्या त्याच्याजवळ होती, तिच्यावर त्याने नव्याने खेळ उभारला. १९८८ साली विंबल्डन या अगदी अलीकडे वर आलेल्या, दांडगाईसाठी प्रसिद्ध असलेल्या क्लबाने त्याला काही महिन्यांसाठी घेतले, आणि १४ मे रोजी वेंब्लीवर असोसिएशनच्या चषकाच्या अंतिम सामन्यात, लिव्हरपूल पुन्हा समोर असताना, तो उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून उतरला. सँचेझचा गोल झालेला होता. विंबल्डनला आघाडी राखायची होती, आणि तेथे कनिंगहॅमचे काम होते ते चेंडू कोपऱ्याशी नेऊन वेळ काढण्याचे. सात वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये हरलेला खेळाडू त्याच प्रतिपक्षाविरुद्ध १-० असाच सामना जिंकून पदक घेऊन बाहेर आला. मग तो रायोकडे परतला, आणि १९८९ च्या मोसमाच्या शेवटी त्याच्या गोलाने रायोचे पहिल्या श्रेणीत जाणे पक्के झाले. १५ जुलै १९८९ रोजी पहाटे माद्रिदबाहेरच्या रस्त्यावर मोटारीच्या अपघातात त्याचा मृत्यू झाला. तो तेहतीस वर्षांचा होता.

त्यानंतर साडेसहा वर्षांनी, १५ डिसेंबर १९९५ रोजी, लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने बोस्मान या बेल्जियन खेळाडूच्या फिर्यादीवर निकाल दिला: मुदत संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघातल्या एका देशाच्या क्लबाने दुसऱ्याकडे पैसे मागू नयेत, आणि त्या देशांच्या नागरिकांवर परदेशी म्हणून संख्येची मर्यादा घालू नये. मेरेडिथने १९०७ साली हॉटेलच्या सभेत जे मागितले ते तेव्हा हाती आले. हा निकाल १९८२ साली असता, आणि स्पेन तेव्हा युरोपीय समुदायात असता, तर मेटगॉड आल्यामुळे कनिंगहॅमला बाजूला बसावे लागले नसते, कारण इंग्रज म्हणून तो परदेशी ठरलाच नसता. दोन जागांच्या त्या नियमाने एका असामान्य विंगरची ऐन उमेदीची वर्षे खाल्ली, हे त्याच्या दुखापतींची यादी वाचताना विसरले जाते.

इंग्लंडच्या मुख्य संघातून तो अवघे सहा सामने खेळला, आणि आकड्यांवर भिस्त ठेवणारे टीकाकार तेवढ्यावरून त्याचा निकाल लावतात. उत्तर लंडनमधल्या त्याच्या बालपणीच्या घरावर आज निळी पाटी आहे. लंडनला लेटनमध्ये आणि वेस्ट ब्रॉमविचला त्याचे पुतळे उभे आहेत. तरी त्याच्या क्लबांची लांबलचक यादी आजही अनेकांच्या लेखी एका वाया गेलेल्या माणसाची यादी आहे. मला त्या यादीत दहा नोकऱ्या दिसतात, आणि त्यांतल्या प्रत्येक नोकरीत त्याने जे पाय घेऊन चाकरी केली ते त्याचे स्वतःचे होते. फिनी एका गावात राहिला म्हणून थोर आणि कनिंगहॅम दहा क्लब फिरला म्हणून उणा, हा न्याय चुकीचा आहे. बगलेवरच्या खेळाडूंची पंगत मांडायची झाली, तर मी मेरेडिथ आणि फिनी यांच्या शेजारीच त्याचे पान मांडीन.